दिल्लीतला हिवाळ्याचा एक दिवस : कुतुबपासून हुमायूनच्या मकबऱ्यापर्यंत कमानीचा माग

चेंदणीकर

ठाणे आणि नवी मुंबईतून दिल्लीला जाणाऱ्यांच्या हाती बहुधा एखादाच मोकळा दिवस असतो. कार्यालयाचे काम, लग्नकार्य किंवा पुढचा हिमाचलाचा प्रवास यांच्या बेचक्यात तो सापडतो, आणि मग लाल किल्ला, इंडिया गेट, कुतुबमिनार, अक्षरधाम आणि करोलबागेतली खरेदी असे सारे पदरात पाडून घेण्याच्या धडपडीत गाडीतला वेळ जास्त आणि वास्तूसमोरचा वेळ कमी अशी अवस्था होते. हिवाळ्यात दिवसही लहान असतो. जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, पावणेसहाच्या आत मावळतो, आणि सकाळचे पहिले काही तास अनेकदा धुक्यातच जातात. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की अशा दिवशी ठिकाणांची यादी करू नये. एकच विषय धरावा आणि त्याच्या मागे शहरभर फिरावे.

मी पुलांच्या आराखड्यांचे काम करते. माझी मैत्रीण आणि मी ठाण्यात एकाच तंत्रनिकेतनात शिकलो, आणि लग्नानंतर ती दिल्लीत स्थायिक झाली. या जानेवारीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा आम्ही दोघींनी दिवसभराचा विषय ठरवला तो कमानीचा. दगडाची कमान आणि घुमट दिल्लीत कसे आले, कारागिरांच्या हाती कसे रुळले आणि पुढे त्यांचे काय झाले, हे त्या शहरात काही किलोमीटरच्या अंतरात क्रमाने पाहता येते. देशात इतक्या सलगपणे ते दुसरीकडे कुठे दिसत असेल असे मला वाटत नाही.

सुरुवात अर्थातच कुतुबच्या आवारात केली. मिनार 72.5 मीटर उंच आहे, पण आम्ही पोहोचलो तेव्हा त्याचे वरचे मजले धुक्यात पूर्ण बुडालेले होते आणि पहिल्या सज्जाखालची मधाच्या पोळ्यासारखी कोरीव दगडी रचना तेवढी दिसत होती. मैत्रिणीने मिनारापाशी रेंगाळू दिले नाही. तिने मला थेट आवारातल्या जुन्या मशिदीच्या पश्चिमेकडच्या उंच दगडी पडद्यासमोर उभे केले. 1199 च्या सुमारास उभारलेल्या या पडद्यातल्या मोठ्या कमानी दुरून अगदी कमानीसारख्याच दिसतात, पण जवळ जाऊन दगडांमधले सांधे पाहिले की ध्यानात येते की ही खरी कमान नाही. दगडांचे सगळे थर आडवे आहेत. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढत नेला आहे, दोन्ही बाजू वर एकमेकींना भेटल्या आहेत आणि मग कडा तासून कमानीचा आकार दिलेला आहे. काम स्थानिक कारागिरांचे होते आणि त्यांच्या हाताला पिढ्यानपिढ्या हीच पद्धत ठाऊक होती. आपल्याकडे शके 982, म्हणजे 1060 सालच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात सभामंडपाचे छत ज्यांनी मान वर करून पाहिले असेल, त्यांना हे लगेच उमगेल, कारण तिथेही वर्तुळाकार थर आत सरकवत सरकवतच छत मिटवलेले आहे. नव्या राज्यकर्त्याने कमान मागितली आणि मंदिरे बांधणाऱ्या हातांनी आपल्या परीने ती उभी केली. मशिदीच्या पूर्व दारावरच्या फारसी लेखात 27 मंदिरांचे साहित्य वापरल्याचा उल्लेख आहे, आणि ओवरीतल्या खांबांवर साखळीला टांगलेल्या घंटेचे नक्षीकाम आजही हाताच्या अंतरावरून दिसते. त्या खांबांपुढे मन जड होते. ते जड होऊ द्यावे आणि मगच पुढे जावे.

तिथून थोड्या पावलांवर 1311 चा अलाई दरवाजा आहे. दोन्ही वास्तूंमध्ये जेमतेम एक शतक गेले आहे, आणि इथे कमान खरी आहे. दगड पाचरीच्या आकाराचे आहेत, त्यांचे सांधे एका केंद्राकडे रोखलेले आहेत, आणि प्रत्येक दगड शेजारच्याला रेटून धरतो. आडव्या थरांच्या पद्धतीत पुढे आलेल्या दगडाच्या मागच्या टोकावर पुरेसे वजन असावे लागते, त्यामुळे गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, फार मोठा करता येत नाही. खऱ्या कमानीत वजन खाली येता येता बाहेरच्या बाजूला रेटा देते, म्हणून भिंती जाड लागतात, आणि शेवटचा दगड बसेपर्यंत सगळा डोलारा लाकडी सेंटरिंगवर तोलून धरावा लागतो. आज आपल्याकडच्या कोणत्याही बांधकामावर स्लॅबखाली जे सेंटरिंग दिसते, त्याचेच काम तेव्हा तिथे होते. अलाई दरवाजाच्या आत उभे राहून चौकोनी खोलीच्या कोपऱ्यांत एकात एक बसवलेल्या लहान कमानी पाहाव्यात. चौकोनावर गोल घुमट बसवण्याचे कोडे त्या कोपऱ्यांत सोडवलेले आहे. या दोन वास्तूंमध्ये आमची सकाळ गेली आणि ती तिथेच जावी असे माझे मत आहे.

मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने जोरबागला उतरून आम्ही सफदरजंगचा मकबरा पाहिला. तो 1754 चा, म्हणजे या गोष्टीतला शेवटचा टप्पा, पण रस्त्याच्या सोयीमुळे तो आधी आला. घुमट गरजेपेक्षा जास्त फुगीर आणि इमारत रुंदीच्या मानाने उंच वाटते. घुमटावर संगमरवराचे तुकडे जुळवलेले कळतात. निजामुद्दीनजवळच्या अब्दुर्रहीम खानखानाच्या कबरीचा दगड काढून इथे लावला गेला असे सांगतात, आणि ती कबर पाहिली की त्यावर विश्वास बसतो. हाच सफदरजंग 1752 मध्ये मराठ्यांशी करार करणारा वजीर होता. त्या कराराने अब्दालीपासून बादशहाचे रक्षण करण्याची जबाबदारी मराठ्यांनी घेतली आणि पुढच्या नऊ वर्षांत ती आपल्याला पानिपतापर्यंत घेऊन गेली. मराठी माणसाने निदान एवढ्यासाठी तरी या मकबऱ्यात काही वेळ थांबावे.

दुपारचे ऊन लोदी बागेत घेतले. 1444 ची मुहंमदशहा सय्यदची अष्टकोनी कबर, 1490 च्या सुमाराचा बडा गुंबद आणि 1517 ची सिकंदर लोदीची कबर या तिन्ही वास्तू एका बागेत आहेत. पण माझा पाय अडकला तो अठपुला नावाच्या अकबरकालीन पुलावर. त्याला आठ खांब आणि सात कमानी आहेत, मधला गाळा सर्वांत रुंद आहे आणि दोन्ही कडांकडे गाळे लहान होत जातात. त्यामुळे पुलाची पाठ मध्ये उंच होते आणि पुराचे पाणी मधल्या मोठ्या गाळ्यातून जाऊ शकते. आज त्याखाली बागेतले संथ पाणी आहे, पण एके काळी इथून यमुनेला मिळणारा ओढा वाहत असे. मैत्रीण गवतावर बसून राहिली आणि मी खाली उतरून एकेका कमानीचे सांधे पाहत होते. चार शतके उलटली तरी कमानींच्या माथ्यावरचे कळीचे दगड जागच्या जागी आहेत.

शेवटी हुमायूनचा मकबरा. त्याच्या पत्नीने, बेगा बेगमने, तो उभारवला, वास्तुकार मीरक मिर्झा गियास, आणि काम 1572 च्या सुमारास पूर्ण झाले. इथे एकावर एक असे दोन घुमट आहेत. बाहेरचा घुमट दुरून भव्य दिसावा म्हणून उंच आहे, आतला खोलीच्या मापाला शोभेल इतका खाली आहे आणि दोहोंच्या मध्ये पोकळी आहे. एकाच घुमटाने बाहेरची भव्यता साधली असती तर आत उभ्या माणसाला विहिरीच्या तळाशी उभे असल्यासारखे वाटले असते. मावळतीचे ऊन पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर येते, लाल वालुकाश्मातल्या संगमरवरी पट्ट्या उजळतात आणि कमानींची खोली सावलीमुळे स्पष्ट होते. मैत्रिणीने हे ठिकाण सूर्यास्तासाठी राखून ठेवले होते.

ज्यांनी दिल्ली हिवाळ्यात पाहिली आहे त्यांनी आपापले अनुभव आणि माहिती इथे जरूर जोडावी.

मासुंदा_काठ

ताई, लेख अतिशय आवडला. अंबरनाथच्या छताशी घातलेला सांधा तर मनाला फारच भावला. मराठ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून एक भर घालतो. 1737 च्या मार्चअखेरीस बाजीराव पेशव्यांची फौज दिल्लीच्या वेशीवर होती. तालकटोऱ्याजवळ बादशाही फौजेशी त्यांची लढाई झाली आणि शहरात न शिरता ते परतले. त्याच सुमारास चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेची सुरुवात होऊन पोर्तुगीजांकडून ठाण्याचा कोट मराठ्यांनी घेतला. आपले ठाणे आणि दिल्ली एकाच पंधरवड्यात मराठ्यांच्या घोड्यांच्या टापांखाली होते, ही गोष्ट ठाण्याच्या शाळांमधून मुलांना आवर्जून सांगितली गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते. दिल्लीत तालकटोऱ्याला आज क्रीडासंकुल आणि बाग आहे.

पुढे 1772 च्या जानेवारीत महादजी शिंद्यांच्या संरक्षणाखाली मोगल बादशहा शाहआलम दिल्लीत परत आला, आणि 11 सप्टेंबर 1803 रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केल्यावर दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. या मधल्या काळासाठी म्हणूनही एक स्वतंत्र दिवस राखून ठेवता येईल.

घणसोलीकर

लेखातले कष्ट आणि अभ्यास मान्य करूनही थोडा वेगळा सूर लावतो. आपण स्थापत्याच्या क्षेत्रातल्या आहात, त्यामुळे सांधे आणि थर पाहण्यात आपला दिवस सार्थकी लागला. आमच्यासारखी माणसे आईवडिलांना घेऊन आयुष्यात एखाद्या वेळी दिल्लीला जातात. माझ्या वडिलांना इंडिया गेट आणि राष्ट्रपती भवन पाहायचे होते, कारण प्रजासत्ताक दिनाचे संचलन त्यांनी वर्षानुवर्षे दूरदर्शनवर पाहिले होते. त्यांना मी लोदी बागेतल्या पुलाखाली नेले असते तर त्यांची इच्छा अपुरी राहिली असती. एका दिवसात एकच विषय हा नियम सर्वांना लागू पडेल असे वाटत नाही.

चेंदणीकर

@घणसोलीकर, वडिलांची इच्छा सर्वांत आधी, याबद्दल दुमत नाही. मात्र ती इच्छा या मार्गाच्या आड येत नाही असे मला दिसते. पुरातत्त्व खात्याच्या बहुतेक वास्तू सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात आणि हिवाळ्यात तो फार लवकर होतो. इंडिया गेट मात्र अंधार पडल्यावर दिव्यांच्या प्रकाशातच अधिक चांगले दिसते, आणि हुमायूनच्या मकबऱ्यापासून ते काही फार लांब नाही. शिवाय तीही कमानच आहे. वास्तुकार ल्युटेन्स यांनी योजलेली ही 42 मीटर उंचीची कमान 1931 मध्ये पूर्ण झाली. आम्ही दोघी संध्याकाळी तिथे गेलो होतो. पहिल्या महायुद्धात आणि अफगाण सीमेवर पडलेल्या सैनिकांची 13 हजारांहून अधिक नावे तिच्यावर कोरलेली आहेत, आणि शेजारी 2019 मध्ये झालेले राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. तिथल्या वर्तुळाकार भिंतींवरच्या विटांएवढ्या दगडांवर एकेका जवानाचे नाव वाचत वडीलधारी माणसे फार वेळ थांबतात, असे मी पाहिले.

एका विषयाचा आग्रह मी धरते तो अभ्यासकांसाठी नव्हे. तसे फिरल्याने पाहिलेले लक्षात राहते. विषय कमानीचाच असावा असेही नाही. वडिलांसाठी 1911 चा दिल्ली दरबार, राजधानी हलवण्याची घोषणा आणि 1931 मध्ये नव्या राजधानीचे उद्घाटन हा विषय धरला असता, तर राष्ट्रपती भवन ते इंडिया गेट हा सरळ रस्ता हाच त्यांचा पूर्ण दिवस झाला असता.

सीवूड्स_वासी

हवेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. माझ्या मुलाला दम्याचा त्रास आहे. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही गेलो तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्याला इनहेलर घ्यावा लागला, आणि परतीच्या विमानाला धुक्यामुळे इतका उशीर झाला की आम्ही जवळजवळ पूर्ण रात्र विमानतळावर काढली. धुक्यातल्या मिनाराचे वर्णन वाचायला सुंदर आहे, पण लहान मुले आणि वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी हा विचार आधी करावा.

चेंदणीकर

@सीवूड्स_वासी, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते, वारा पडलेला असतो आणि त्यामुळे धूर व धूळ वर न जाता माणसाच्या उंचीवरच कोंडून राहतात. धुकेही त्याच स्थिर, ओलसर हवेत धरते. आपल्याकडे समुद्राचा वारा ही कोंडी बऱ्याच अंशी फोडतो, दिल्लीला ती सोय नाही. पाऊस किंवा जोराचा वारा येऊन गेल्यावर एक-दोन दिवस हवा स्वच्छ मिळते. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून फेब्रुवारीचा उत्तरार्ध निवडावा. तेव्हा थंडी सुखद असते आणि धुकेही बरेच ओसरलेले असते.

पण जे निरोगी आहेत त्यांनी डिसेंबर-जानेवारी पूर्णपणे टाळू नये, आणि त्याचे कारण प्रकाश हे आहे. डिसेंबरच्या अखेरीस ठाण्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 47 अंश वर असतो, दिल्लीत तो 38 अंशांवरच राहतो. म्हणजे दिवसभर ऊन तिरपे असते, कोरीव कामाचा प्रत्येक उंचवटा सावली धरतो आणि दक्षिणेकडच्या जाळ्यांतून प्रकाश खोलीत आतपर्यंत येतो. मे महिन्यात हाच दगड सपाट आणि पांढुरका दिसतो. आम्ही पहाटेची घाई केली नाही, साडेनऊनंतर घराबाहेर पडलो, आणि कुतुबच्या आवारात असतानाच धुके विरून ऊन आले. तेव्हा मशिदीच्या पडद्यावरची वेलबुट्टी आणि अरबी अक्षरे भिंतीपासून सुटी होऊन उभी राहिल्यासारखी दिसली.

पारसिक

कुतुबच्या आवारात जाऊनही लोहस्तंभाचा उल्लेख नाही, याचे आश्चर्य वाटले. तो गंजत नाही यामागे नेमके काय आहे, हे आपण किंवा अन्य कोणी सोप्या शब्दांत सांगू शकाल का?

चेंदणीकर

विषय कमानीचा असल्यामुळे तो गाळला होता, पण त्याच्यासमोर आम्ही थांबलो होतो. स्तंभ सुमारे 7.2 मीटर उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा आहे. त्यावरच्या ब्राह्मी लिपीतल्या संस्कृत लेखात 'चंद्र' नावाच्या राजाचे वर्णन आहे, आणि तो गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. स्तंभ ओतलेला नाही. लोखंडाचे गोळे तापवून, एकमेकांवर ठोकून जोडत तो घडवलेला आहे. जुन्या भट्ट्यांमध्ये चुनखडी वापरत नसत, त्यामुळे लोखंडात फॉस्फरस भरपूर राहिला. कानपूरच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनानुसार या फॉस्फरसामुळे पृष्ठभागावर अतिशय पातळ असा संरक्षक थर तयार झाला आणि तोच पुढचा गंज रोखून धरतो. दिल्लीच्या कोरड्या हवेचीही मदत झाली असणार. पूर्वी लोक पाठ टेकवून हातांनी स्तंभाला मिठी मारत असत. सततच्या स्पर्शाने तो भाग झिजू लागला, म्हणून 1997 मध्ये भोवती कठडा घातला गेला. खाडीच्या खाऱ्या हवेत पुलांच्या सळयांचा गंज रोज पाहणाऱ्या मला तो स्तंभ वंदनीय वाटतो.

कळवा_नाका

मी नोकरीनिमित्त काही वर्षे दिल्लीत होतो. खाण्याविषयी कोणी बोलत नाही म्हणून लिहितो, कारण तिथले काही पदार्थ केवळ थंडीतच मिळतात. शकरकंदी, म्हणजे रताळी, निखाऱ्यावर भाजून गाडीवर रचून ठेवलेली असतात. विक्रेता साल काढतो, फोडी करतो, वर मसाला आणि लिंबू पिळतो आणि करमळाच्या आंबट चकत्या घालून द्रोणात देतो. द्रोण हातात धरला की बोटांना ऊब मिळते. चांदनी चौकाच्या बाजूला 'दौलत की चाट' मिळते. नावात चाट असली तरी ती गोड असते. थंड दूध घुसळून वर येणारा फेस हलकेच काढून घेतात आणि त्यावर केशर, खवा व साखर घालतात. ऊन चढले की तो फेस बसतो, म्हणून ती सकाळीच खावी. मुंबईच्या हवेत हा पदार्थ टिकणारच नाही.

येऊर_पायवाट

धागा वाचून फेब्रुवारीत जाण्याचे जवळजवळ ठरवले आहे. माझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि ती सपाट रस्त्यावर काठी घेऊन चालते. आपण सुचवलेल्या मार्गातले काय तिला झेपेल आणि काय टाळावे, हे कृपया सांगावे. वाराचेही काही बंधन आहे का?

चेंदणीकर

आईंसाठी कुतुबचे आवार आणि लोदी बाग निश्चिंतपणे ठेवावी. कुतुबच्या आत चालण्याचे रस्ते बरेचसे सपाट आहेत. मशिदीच्या अंगणात जायला थोड्या पायऱ्या आहेत, पण पडद्याच्या कमानी आणि अलाई दरवाजाची बाहेरची बाजू खालूनही व्यवस्थित दिसते. मिनारावर चढण्याचा प्रश्नच येत नाही, कारण 4 डिसेंबर 1981 रोजी आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन 45 जण दगावले आणि तेव्हापासून वर जाणे बंद आहे. मेट्रोचे कुतुबमिनार स्थानक आवारापासून लांब आहे, तेव्हा तिथून रिक्षा करावी. लोदी बागेत जागोजागी बाके आहेत आणि दुपारी उन्हात बसून बडा गुंबद समोरून पाहता येतो. अठपुल्यावरून चालता येते, पण खाली उतरण्याच्या फंदात त्यांना पाडू नये.

हुमायूनच्या मकबऱ्याचा चौथरा मात्र उंच आहे आणि त्यावर चढण्याच्या दगडी पायऱ्यांची उंची आपल्या नेहमीच्या जिन्यापेक्षा बरीच जास्त आहे. माझ्या मैत्रिणीलाही मध्ये थांबावे लागले. आईंना वर नेऊ नये. पश्चिमेच्या दरवाजातून आत गेल्यावर चारबागेतल्या, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेतल्या, वाटेवरून संपूर्ण दर्शनी बाजू नजरेत येते आणि सूर्यास्ताचा प्रकाशही तिथूनच पाहायचा असतो. त्याआधी उजव्या हाताला 1547 ची इसाखानाची अष्टकोनी कबर आहे. ती बुटकी आणि जमिनीलगत असल्यामुळे आईंना अगदी जवळून पाहता येईल.

वाराचे म्हणाल तर या ठिकाणांना साप्ताहिक सुट्टी नाही. लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय मात्र सोमवारी बंद असते, तेव्हा @मासुंदा_काठ यांनी सुचवलेला मराठ्यांचा दिवस जोडायचा असेल तर सोमवार कुतुब-लोदीला द्यावा आणि मंगळवारी सकाळी लाल किल्ल्यात जावे. सदाशिवरावभाऊंनी 1760 मध्ये फौजेच्या खर्चासाठी ज्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून वितळवले, ते दालन तिथे आहे. कडेला बाके आहेत आणि किल्ल्याच्या आतला बहुतेक भाग सपाट आहे, त्यामुळे आईंना तोही जमेल. तिकिटे आदल्या रात्री मोबाइलवर काढून ठेवावीत, म्हणजे त्यांना रांगेत उभे राहावे लागणार नाही.